पायघड्या कोणी घातल्या? सोलापूरच्या गड्ड्यातली रांगोळी

मंडळी, कलाप्रदर्शन म्हटलं की आपल्याला भिंत आठवते, चौकट आठवते, खाली नावाची चिठ्ठी. सोलापुरात मात्र बायकांच्या आणि तरुण पोरापोरींच्या कलेचं मोठं प्रदर्शन दरवर्षी जानेवारीत चक्क रस्त्यावर भरतं. सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे आपला गड्डा, सुरू झाली की सात नंदीध्वजांच्या वाटेवर रांगोळीच्या पायघड्या घातल्या जातात. काठ्या आल्या की बाराबंदीतले मानकरी आणि मागची गर्दी त्यांवरूनच पुढे जाते. पायघड्या त्यासाठीच तर असतात.

याचं मूळ शोधू लागलो की आम्हांला आधी आख्यायिका भेटते. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या साधनेच्या जागी एक कुंभारकन्या रोज सडा-रांगोळी करायची. तिनं लग्नाची इच्छा सांगितली. त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न कर म्हटलं. त्याच लग्नाच्या अक्षता आजही 14 जानेवारीच्या सुमारास संमती कट्ट्यावर पडतात आणि नंतर होम होतो. आख्यायिकेला इतिहास मानू नये, हे कबूल. पण गावच्या सगळ्यात मोठ्या सोहळ्याच्या मुळाशी लोकांनी रांगोळी काढणारी मुलगी ठेवली आहे, आणि बहुतेकांच्या तोंडी ती नुसती ‘कुंभारकन्या’ आहे.

कलावंताचं नाव कसं टिकतं, हे बघायला थोडं मुंबईला जाऊ. तिथे 1888 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी निघाली आणि तिची वार्षिक प्रदर्शनं सुरू झाली. 1895 मध्ये महादेव विश्वनाथ धुरंधरांना तिथे सुवर्णपदक मिळालं. चित्राचा विषय होता, लक्ष्मीला ‘आलीस का?’ म्हणून विचारणं. म्हणजे बायकांच्या घरगुती जगावर पदक पुरुषाला! त्यांची मुलगी अंबिका 1931 मध्ये जे. जे. स्कूलमधून पदविका घेऊन बाहेर पडली, अशा अगदी पहिल्या काही स्त्रियांपैकी एक. 1937 मध्ये त्याच सोसायटीचं सुवर्णपदक अमृता शेरगिल यांना ‘तीन मुली’ या चित्रासाठी मिळालं. हे आज आपण सांगू शकतो, कारण पदकाची नोंद होते आणि चित्राखाली सही असते.

रांगोळीला हे भाग्य कमी. तीच रांगोळी दिवाळीत हॉलमध्ये काढली, एखाद्या पुढाऱ्याचा हुबेहूब चेहरा उतरवला, की काढणारा ‘कलाकार’ होतो, शेजारी पाटी लागते. रस्त्यावर काढली की ती ‘सेवा’. सेवा म्हणण्यात आदर आहे, पण त्या आदरानं नाव गिळलं, असं आमचं स्पष्ट मत आहे. खरं तर रस्त्यावरचं काम जास्त अवघड. डांबर खडबडीत, वारा, वेळ मोजका. चिमटीतून एक रेघ, मुठीतून सोडलेली जाड रेघ, पाची बोटांतून एकदम पाच, चाळणीतून रंग. मोठ्या बाईनं आखायचं आणि पोरींनी भरायचं, आणि दोन-चार वर्षांनी त्याच पोरीनं स्वतः आखायला घ्यायचं. शाळा म्हणतात ती हीच की!

हल्ली मोबाईलमुळे चित्रं तरी राहतात. जुन्या फोटोंत मात्र छायाचित्रकाराचं लक्ष काठ्यांकडे. रांगोळी असते ती खालच्या कडेला, अर्धी कापलेली. तुमच्या घरी गड्ड्याचे असे फोटो असतील तर ती कड नीट बघा. आजी, काकू, मावशी कुणी त्यात होत्या का विचारा, आणि गल्ली, साल, नाव पेन्सिलीनं मागे लिहून ठेवा.