जुने होण्याआधीची वर्षे

दसऱ्याच्या दिवशी आमच्या रेणापुरात हत्यारांबरोबर वाहनांचीही पूजा होते. ट्रॅक्टर, मोटारसायकली, आडतीवरचे टेम्पो, सगळे धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून दारोदार उभे असतात. २०२५ च्या दसऱ्याला रेणुकादेवीचे दर्शन घेऊन मी मामांच्या वाड्यावर सोने द्यायला गेलो, तेव्हा मामा गोठ्यात होते. गोठ्यात आता बैल नाहीत. तिथे ताडपत्रीखाली एक मोटार उभी असते, आणि मामा तिला हळदकुंकू लावत होते.

त्या साली सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्याची दैना करून टाकली होती. मामी उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "रानातलं सोयाबीन पाण्यात गेलं, अन् हे इथं लोखंडाला ओवाळायलेत!" भंगारवाला दोनदा येऊन गेला होता. पुण्याहून मुलाचा फोन आला होता, "बाबा, देऊन टाका एकदाची." मामांनी निरांजन खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. "गुरुजी, तू पोरांना इतिहास शिकवतोस. कोणती वस्तू इतिहासात जाते अन् कोणती भंगारात, हे कोण ठरवतं तेवढं सांग."

मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. पुढे दिवाळीच्या सुटीत पुस्तके चाळली, चार जाणत्यांना विचारले. त्या धडपडीतून जे हाती लागले ते इथे मांडतो.

आधी मोटारीची ओळख करून द्यायला हवी. ती स्कोडा कंपनीची ऑक्टाव्हिया आरएस. कंपनी झेकांची, पण ऑक्टाव्हियाची जुळणी आपल्या मराठवाड्यातली. तेव्हाच्या औरंगाबादेजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराशेजारी, शेंद्र्याला २००१ पासून ही गाडी जुळवली जाऊ लागली. ऑक्टाव्हिया म्हणजे लॅटिनमध्ये आठवी. आपल्या भाषेत अष्टमीच म्हणा. तिची ही चपळ आवृत्ती आपल्याकडे २००४ साली आली. इंजिन १.८ लिटरचे, शक्ती १५० अश्वांची, आणि त्याला टर्बो. टर्बो म्हणजे काय, तर जळून बाहेर जाणाऱ्या धुराच्याच जोरावर एक पंखा फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. लोहाराचा भाताच तो, फक्त भट्टीच्याच धगीवर चालणारा. टर्बो लावलेले पेट्रोल इंजिन तोवर आपल्या रस्त्यांवर कोणी फारसे पाहिले नव्हते. मामांनी ती २००५ च्या पाडव्याला घेतली. तूरडाळीच्या व्यापारात चार पैसे मिळाले होते. त्या हिवाळ्यात आम्हा भाच्यांना त्यांनी अंबाजोगाईच्या रस्त्याने नेले, ते पाठीला बसलेले सीट मला अजून आठवते.

आता इतिहासाकडे वळू. आमच्या शेजारच्या परळीचे वैजनाथाचे देऊळ ज्या अहिल्याबाईंनी बांधून काढले, त्यांच्याच घराण्यातले शेवटचे सत्ताधारी महाराज म्हणजे इंदूरचे दुसरे यशवंतराव होळकर. जन्म १९०८, मृत्यू १९६१. नव्या वळणाच्या वस्तूंचे मोठे दर्दी. त्यांनी ड्यूसेनबर्ग कंपनीची एसजे जातीची मोटार मागवली. सांगाडा व इंजिन अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचे, वरचा साज लंडनच्या गर्नी नटिंग यांचा. सुमारे २० फूट लांब, नारिंगी आणि काळी. हवा कोंबण्याची सोय त्याही इंजिनात होती आणि शक्ती ३२० अश्वांची सांगितली जाई. आपल्या काळातली ती वाऱ्याशी पैज लावणारी गाडी. १९३७ साली ड्यूसेनबर्ग कंपनी बुडाली, आणि इंदूरची गाडी त्या वंशाच्या अगदी शेवटच्या अपत्यांपैकी ठरली. पुढे संस्थाने विलीन झाली, १९७१ साली तनखे बंद झाले आणि संस्थानिकांच्या कितीतरी मोटारी मिळेल त्या भावाला गेल्या. इंदूरची ती गाडी अमेरिकेतच परत गेली. आज जगातल्या नामांकित जुन्या मोटारींत तिचे नाव घेतात, आणि नाव घेताना होळकरांचेही घेतात.

वाचक म्हणतील, राजाची वस्तू, तिचे मोल होणारच. म्हणून दुसरी गोष्ट सांगतो, आणि ती चक्क एका शाळेची आहे. इटलीच्या फेरारी कंपनीने १९६२ ते १९६४ या काळात २५० जीटीओ नावाच्या अवघ्या ३६ मोटारी बनवल्या. शर्यतीसाठीच जन्मलेली गाडी. अमेरिकेत किंमत सुमारे १८ हजार डॉलर. शर्यतीची गाडी दोन हंगामांत शिळी होते. तशीच एक शिळी झालेली जीटीओ टेक्सास प्रांतातल्या व्हिक्टोरिया गावच्या हायस्कूलला देणगी म्हणून मिळाली, मुलांना यंत्रकाम शिकायला! १९७२ साली शाळेने ती साडेसहा हजार डॉलरांच्या आसपास विकली. घेणाऱ्याने ती कित्येक वर्षे उघड्या रानात ठेवली. आणि २०१८ साली याच जातीची एक मोटार लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरांना गेली. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात. मोटारीला जरा जास्त वर्षे लागली, एवढेच. त्या हायस्कूलच्या मास्तरांची मला मात्र दया येते. शाळेतली जुनी उपकरणे मोडीत काढण्याच्या कागदावर मीही सह्या केल्या आहेत.

मग गाडीचे पुढचे नशीब कशावरून ओळखावे? पहिली खूण संख्या. पण नुसत्या दुर्मिळपणाने काम भागत नाही. आपल्या इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ पासून 'मीरा' नावाची छोटी मोटार घडवली. तिचे मोजकेच नमुने झाले, बाजारात ती आलीच नाही. संख्येने ती फेरारीलाही हरवील, पण तिच्यासाठी कोणी थैली सोडून बसलेले नाही. कारण वस्तू थोडी असावी लागते आणि ती हवी असणारे पुष्कळ असावे लागतात. आणि हवेपणा बहुधा बालपणात रुजतो. दहा वर्षांच्या ज्या मुलाने फाटकाशी उभे राहून ती गाडी जाताना पाहिली, तोच पंचविसेक वर्षांनी खिशात पैसे आल्यावर तिच्या शोधात निघतो. संग्राहक गाडी घेतो असे आपण म्हणतो. खरे तर तो फाटकाशी उभा असलेला मुलगा ती घेत असतो.

दुसरी खूण, ती कशाची तरी पहिली किंवा शेवटची असावी. ऑक्टाव्हियाच्या या घराण्यात आपल्याकडे पुढे २०१७ साली २३० अश्वांची आवृत्ती आली, तिच्या ५०० गाड्या विकल्या गेल्या. २०२० साली २०० आल्या. २०२५ च्या ऑक्टोबरात १०० आल्या आणि हातोहात संपल्या. या साऱ्या आपल्या त्या जुनीहून कितीतरी वेगवान. पण गिअर त्या आपले आपणच टाकतात. डाव्या हाताने दांडा ओढायचा, डाव्या पायाने क्लच दाबायचा, ही विद्या फक्त पहिलीपाशी उरली. नवी गाडी नेहमीच जास्त पळणार, तेव्हा वेगाने कोणती गाडी अमर होत नाही. चालवणाऱ्याला ती काय करायला लावते, ते लोक लक्षात ठेवतात.

तिसरी खूण अस्सलपणा. मूळ रंग, मूळ भाग, पहिल्या दिवसापासूनचे कागद. इथे आमच्या मामांची थोडी पंचाईत होती. एका गॅरेजवाल्याने गळ घालून मूळ चाके काढून चकचकीत चाके बसवून दिली होती. मी विचारले, "मग मूळ चाके कुठे?" तीन माळ्यावर सापडली. चौथे मामींनी रांजणाखाली बैठक म्हणून घातले होते, वीस वर्षांच्या गृहिणीपणाने घासून लख्ख ठेवलेले.

आता अवघड भाग येतो. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी करून, शुल्क भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. उलट सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे मोटार ५० वर्षांची झाली, मूळ रूपात राहिली, म्हणजे तिला वारसा-मोटार म्हणून वेगळी नोंदणी मिळते. पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात, शुल्क २० हजार. म्हणजे पंधराव्या वर्षी गाडी म्हातारी आणि पन्नासाव्या वर्षी वंदनीय. मधली ३५ वर्षे ती कोणीच नसते. नवी नाही म्हणून मान नाही, जुनी नाही म्हणून कौतुक नाही. रबर वाळते, तारा उंदीर कुरतडतात, सुटे भाग मिळेनासे होतात. बहुतेक गाड्या याच वनवासात संपतात. जी टिकते ती कोणाच्या तरी हट्टाने टिकते, आणि पुष्कळदा तो हट्ट त्या काळात वेडेपणाच दिसतो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी हे सारे मामांना सांगितले. तिच्यातून धन निघेल असे मी म्हणालो नाही. तसे सांगणे खोटे ठरले असते. ती फेरारी नव्हे, आणि वीस-तीस वर्षांच्या देखभालीचा खर्च विक्रीच्या किमतीतून वजा केला तर हाती काय उरेल कोण जाणे. मामांनी बोटांवर हिशेब केला. "२००५ अन् पन्नास, २०५५. मी काय तवर राहात नाही."

ओसरीवर पुण्याची नात बसली होती, दहा वर्षांची. ती म्हणाली, "तेव्हा मी चाळीस वर्षांची असेन, आजोबा."

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मामी उठल्या, रांजणातले पाणी घागरीत काढले, आणि खालचे चाक उचलून मामांपुढे ठेवले. "धरा. रांजणाला दगड आणते," एवढेच म्हणाल्या.

नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली. मी शाळेतून एक शंभर पानी वही आणून नातीला रकाने आखून दिले: तारीख, किलोमीटर, काम, खर्च. पहिली नोंद तिच्याच हातची आहे. तारखेखाली तिने लिहिले आहे, "मूळ चाके बसवली. चार."