परत आलेला रुग्ण, परत न आलेला रुग्ण

संज्ञा

‘नर्सिंग होम’ हा शब्द अमेरिकेत एका अर्थाने चालतो आणि नाशिकच्या पंचवटीत दुसऱ्या. तिकडे ते वृद्धांच्या किंवा रुग्णालयातून सुटलेल्या अशक्त माणसांच्या शुश्रूषेचे ठिकाण. इकडे दिंडोरी रोडला किंवा पेठ रोडला पाटीवर तो शब्द दिसला, की ते डॉक्टरांचे दहा-वीस खाटांचे खासगी रुग्णालय समजायचे. १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली नाशिक महापालिका ज्यांची नोंदणी करते, ती हीच. पुढचे विवेचन याच अर्थाने.

नोंदणी मुख्यतः जागा, खाटा, मनुष्यबळ, साधने पाहते. अॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली वैद्यकीय गुणवत्तेची तीन अंगे मांडली: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. नोंदणीचा भर पहिल्यावर. रुग्ण बरा होऊन घरीच राहिला का, हा प्रश्न तिसऱ्या अंगाचा.

माप

त्यासाठीचे एक माप म्हणजे पुनर्दाखल दर: घरी सोडलेल्या दर शंभर रुग्णांपैकी ३० दिवसांत किती जण अचानक पुन्हा दाखल झाले. आधीच ठरलेली केमोथेरपी किंवा टप्प्याची शस्त्रक्रिया यात धरायची नाही. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या २००३-०४च्या नोंदींत असे जवळपास पंचमांश रुग्ण निघाले. ऑक्टोबर २०१२पासून तिथे जादा दर असलेल्या रुग्णालयांचे पैसे कापले जाऊ लागले आणि ऑक्टोबर २०१८पासून तिकडच्या नर्सिंग होमच्या मोबदल्यातले २ टक्के या मापाशी बांधले गेले. हे माप पंचवटीत जसेच्या तसे लावले तर काय होईल?

रुग्णांचे मिश्रण

दोन काल्पनिक नर्सिंग होम घेऊ. दोघांनीही १०० रुग्ण घरी सोडले. ‘क’मध्ये ८० जण हर्निया, अपेंडिक्ससारख्या शस्त्रक्रियांचे आणि २० जण दम्याचे वा हृदयविकाराचे जुने रुग्ण. ‘ख’मध्ये नेमके उलटे. शस्त्रक्रियेचे ५ टक्के रुग्ण दोन्हीकडे परत येतात. जुन्या आजाराचे ‘क’मध्ये २० टक्के, ‘ख’मध्ये १५ टक्के. बेरीज केली, तर ‘क’चा दर ८ आणि ‘ख’चा १३. एकाही गटात ‘क’ सरस नाही, तरी यादीत तोच वर!

म्हणून आधी अपेक्षित आकडा काढावा लागतो. परिसराची सरासरी शस्त्रक्रियेला ५ आणि जुन्या आजाराला २० टक्के मानली, तर ‘क’कडून ८ आणि ‘ख’कडून १७ पुनर्दाखल रुग्ण अपेक्षित होते. प्रत्यक्षाला अपेक्षिताने भागले, की ‘क’ला १ आणि ‘ख’ला ०.७६ मिळतात. आता क्रम उलटला.

लहान संख्या

तरीही घाई नको. १०० रुग्णांत ८ परत आले, तर खरा दर साधारण ४ ते १५ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतो. १३ परत आले, तर ८ ते २१मध्ये. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत. वीस खाटांच्या रुग्णालयाला एका तिमाहीच्या आकड्यावर क्रमांक देणे म्हणजे चिठ्ठ्या टाकणे. दोन-तीन वर्षांच्या नोंदी एकत्र कराव्यात आणि आकड्याबरोबर त्याचा पट्टाही छापावा.

न दिसणारे परतणे

पंचवटीतली खरी अडचण याच्या पुढची आहे. दूरच्या सुरगाण्याचा एक दमेकरी घेऊ. डिस्चार्ज कार्डावर ‘पाच दिवसांनी दाखवणे’ लिहून घेतो, गोळ्यांची पिशवी सांभाळत निमाणी स्टँडवरून एसटीने घरी जातो. आठव्या रात्री धाप लागते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली, तर ती त्याला जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेते. तिथे नवा केसपेपर निघतो. पंचवटीच्या रजिस्टरमध्ये मात्र तो ‘बरा होऊन गेला’ एवढाच.

उलट शेजारच्या गल्लीतला, डॉक्टरांवर भरवसा असलेला रुग्ण परत त्यांच्याच दारात येतो आणि त्यांचा दर वाढवतो. वैतागून दुसरीकडे गेलेला तो दर कमी करतो. घरीच दगावलेलाही कमीच करतो. म्हणजे नर्सिंग होमच्या स्वतःच्या दप्तरातला पुनर्दाखल दर निम्मा आजार मोजतो आणि निम्मा विश्वास. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या निर्देशकांतही ७२ तासांत त्याच रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात परतलेले रुग्ण मोजतात. एखाद्या रुग्णालयाने स्वतःची यंदाची आणि गतवर्षीची तुलना करायला ते ठीक; दोन रुग्णालयांची तुलना त्यावर करता येत नाही.

निष्कर्ष

मोजणी रुग्णालयाच्या दारात न करता रुग्णाच्या मागोमाग केली, तरच हे माप कामाचे. सप्टेंबर २०२१मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला आभा हा आरोग्य ओळख क्रमांक प्रत्येक वेळच्या भरतीशी जोडला गेला, तर पंचवटी आणि सुरगाणा या दोन ठिकाणचे केसपेपर एकाच माणसाचे आहेत हे कळेल.

तोवर एक साधा उपाय हाताशी आहे. एकतिसाव्या दिवशी काउंटरवरच्या सिस्टरांनी फोन करावा: रुग्ण कसा आहे, मधे कुठे दाखल केले होते का, कशासाठी? तीन उत्तरे डिस्चार्ज रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात लिहावीत. न लागलेले फोन वेगळे मोजावेत. त्यांना ‘बरे’ धरू नये. दरांची तुलना करायची, तर आधी प्रत्येकाचा हा रकाना किती भरलेला आहे ते पाहावे.