वार कुणाची, उपयोग कुणाला?

हल्ली सातवा महिना लागला की डोहाळजेवणाच्या तयारीआधी स्टेम सेल बँकेच्या माणसाचा फोन येतो. नंबर त्यांना कुठून मिळतो ते विचारू नका. बोलणं गोड असतं. ‘नाळेतलं रक्त आयुष्यात एकदाच मिळतं, संधी गेली की गेली, हा तुमच्या बाळाचा जैविक विमा आहे.’ रक्कम पन्नास हजारांच्या पुढे, हप्त्यांची सोय आहे. होणारा बाप आधीच भेदरलेला असतो. त्याला वाटतं, आज पैशाकडे बघितलं आणि उद्या पोराला काही झालं तर? गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या तिघांनी मला हेच विचारलं, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय. घ्या किंवा नका घेऊ एवढं सांगून भागणार नाही, कारण त्या फोनवर या गोष्टीचा इतिहास अर्धाच सांगितला जातो.

आपल्याकडे नाळ आणि वार पुरायची. परसात नाहीतर उंबऱ्याजवळ खड्डा करून, कुत्र्यामांजराने उकरू नये म्हणून वर दगड ठेवून. ‘माझी नाळ या गावात पुरलीय’ हे आपण अजूनही म्हणतो, जन्म दवाखान्यात झालेला असला तरी. आता ती पिवळ्या पिशवीत जाते आणि जैववैद्यकीय कचऱ्याबरोबर जाळली जाते. पुरायची वस्तू आणि जाळायची वस्तू यांच्या मधल्या काळात मात्र या मांसाच्या गोळ्याचे जगाने बरेच उपयोग करून पाहिले.

वारेला बाळाच्या बाजूने एक पातळ, पारदर्शक पापुद्रा असतो. गर्भजलाची पिशवी त्याचीच. १९१० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जे. एस. डेव्हिस या शल्यविशारदाने तो जखमेवर कातडीसारखा लावून पाहिला. जखमेवर तो छान चिकटतो, आग कमी होते, पाणी झिरपून जात नाही आणि खालची कातडी भरून यायला मदत होते. शिवाय दुसऱ्याचं कातडं शरीर जसं झिडकारतं तसं या पापुद्र्याला सहसा झिडकारत नाही. १९४० च्या दशकात लंडनच्या आर्नोल्ड सॉर्स्बी यांनी वाळवलेला पापुद्रा चुन्यासारख्या दाहक पदार्थांनी भाजलेल्या डोळ्यांवर वापरला. पुढे पन्नासेक वर्षं डोळ्यांचे डॉक्टर ते जवळजवळ विसरले. १९९५ साली किम आणि त्सेंग यांनी सशांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि ही पद्धत परत आली. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबताना लहान पोरांच्या डोळ्यांत चुना उडतो, हे आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांना नेहमी बघावं लागतं. अशा डोळ्यांवर आज हा पापुद्रा लावतात. कोणाच्या तरी बाळंतपणातून आलेला असतो तो. कोणाच्या, हे त्या पोराला कधीच कळत नाही.

यातला मुंबईचा भाग आपल्याला फारसा माहीत नसतो. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ साली ऊती बँक सुरू झाली. मातेची लेखी संमती घ्यायची, तिच्या रक्ताच्या एचआयव्ही, कावीळ, सिफिलिस अशा चाचण्या करायच्या, मग पापुद्रा सोडवून, धुऊन, गोठवून वाळवायचा आणि बंद पाकिटात गॅमा किरणांनी निर्जंतुक करायचा, अशी ही रीत आहे. टाटा मेमोरियल अणुऊर्जा खात्याकडे असल्याने किरणांचं तंत्र घरातच होतं. अशी ऊती किरणांनी निर्जंतुक करणारी ही भारतातली पहिली बँक. भाजलेल्यांना आणि महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमांच्या रुग्णांना ही पाकिटं उपयोगी पडतात. त्याची जाहिरात तुम्ही कधी पाहिली नसेल.

सगळा इतिहास असा सोज्वळ नाही, तेही सांगायला हवं. १९३३ मध्ये बॉस्टनमध्ये मॅकखान आणि चू या दोघांनी दाखवलं की वारेच्या अर्कात गोवर रोखणारी प्रतिद्रव्यं असतात. लस यायला अजून तीस वर्षं होती, त्यामुळे हे फार मोलाचं होतं. पुढे त्याचा कारखानाच झाला. फ्रान्समधल्या लियाँच्या मेर्यू संस्थेने देशोदेशींच्या प्रसूतिगृहांतून टनांनी वार गोळा केली आणि तिच्यातून अल्ब्युमिन आणि गॅमाग्लोब्युलिन काढलं. गोशे नावाच्या दुर्मीळ आजारावर १९९१ साली अमेरिकेत मंजूर झालेलं पहिलं एन्झाइमही वारेतूनच काढत. एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधाला हजारो बाळंतिणींची वार लागे. त्या बायकांपैकी किती जणींना विचारलं होतं? बऱ्याच ठिकाणी विचारायची पद्धतच नव्हती. वार म्हणजे कचरा, आणि कचऱ्याला मालक नसतो, असा सरळ हिशेब. रक्तातून पसरणाऱ्या रोगांची भीती वाढली, जनुकीय तंत्राने तीच औषधं प्रयोगशाळेत बनू लागली, आणि १९९० च्या दशकात हा धंदा आटोपला.

आपल्याकडेही वारेच्या अर्काची इंजेक्शनं आणि मलमं वर्षानुवर्षं कशाकशावर दिली गेली. शेवटी २०११ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून ती दोनच कामांपुरती ठेवली: जखमेवर वरून लावायला, आणि ओटीपोटातल्या दाहावर इंजेक्शन म्हणून. बाकी सगळ्या वापरावर बंदी.

आता नाळेतल्या रक्ताकडे येऊ. बाळ बाहेर आलं, नाळ कापली, की वारेत आणि नाळेत बाळाचंच थोडं रक्त उरतं. ते फेकून का द्यायचं, हा प्रश्न जुना आहे. १९३८-३९ मध्येच मॉन्ट्रियलचे गुडॉल आणि ‘लान्सेट’मध्ये लिहिणारे हालब्रेख्त यांनी ते साध्या रक्तासारखं रुग्णांना चढवता येतं असं मांडलं होतं. त्यात रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, भरपूर असतात हे कळायला पुढची चार-पाच दशकं गेली. मधे १९७२ साली अमेरिकेतल्या एन्डे बंधूंनी रक्ताच्या कर्करोगाच्या एका सोळा वर्षांच्या मुलाला नाळेतलं रक्त दिल्याचं लिहिलं. त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

मग आलं १९८८. नॉर्थ कॅरोलायनातला पाच वर्षांचा एक मुलगा, फॅन्कोनी अॅनिमिया नावाचा जन्मजात आजार. यात हाडांतला मगज रक्त बनवणं हळूहळू थांबवतो. त्याच्या आईला पुन्हा दिवस गेले. पोटातली मुलगी निरोगी आहे आणि तिच्या पेशी भावाशी जुळतात, हे जन्माआधीच तपासून कळलं होतं. एडवर्ड बॉयस यांची कल्पना आणि इंडियाना विद्यापीठाच्या हॅल ब्रॉक्समायर यांचं प्रयोगशाळेतलं काम, यांच्या जोरावर तिच्या नाळेतलं रक्त गोठवलं. ते पॅरिसला नेलं, आणि ऑक्टोबरमध्ये सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी ते मुलाला दिलं. पुढच्या वर्षी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अहवाल आला. मुलगा वाचला, मोठा झाला.

इथे जरा थांबा, कारण फोनवरच्या गोड आवाजात हाच प्रसंग गाळला जातो. त्या मुलाला स्वतःचं रक्त मिळालं नव्हतं, बहिणीचं मिळालं होतं. आणि स्वतःचं ठेवलेलं असतं तरी उपयोग शून्य होता, कारण जो दोष मगजात तोच नाळेत! आजार जन्मजात, जनुकातला असेल तर बाळाच्या नाळेतल्या प्रत्येक पेशीत तो असतोच. थॅलेसेमियाचं तेच, सिकलसेलचंही तेच. बालपणीच्या रक्ताच्या कर्करोगातही बिघाडाची सुरुवात कित्येकदा गर्भातच झालेली असते, म्हणजे ते रक्तही बिनधोक नाही. ‘ऐंशी आजारां’ची जी यादी दाखवतात तिच्यातले बहुतेक आजार दुसऱ्याच्या पेशींनी बरे होणारे आहेत. स्वतःच्या नाळेतल्या रक्ताचा स्वतःलाच उपयोग होण्याची शक्यता ०.०४ ते ०.०००५ टक्के धरतात. म्हणजे अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक. विमा म्हणायचाच असेल, तर हा असा विमा आहे की घर जळालं तर भरपाईची कागदपत्रंही त्याच घरात.

पॅरिसनंतर दोन वाटा फुटल्या. एक न्यूयॉर्कच्या ब्लड सेंटरमध्ये. पाब्लो रुबिनस्टीन यांनी १९९२ च्या सुमाराला सार्वजनिक बँक उभी केली: आई दान करते, पैसे घेत नाही आणि देतही नाही, आणि ज्याच्याशी जुळेल त्याला ते रक्त मिळतं. १९९३ मध्ये ड्यूक विद्यापीठात जोअॅन कुर्ट्झबर्ग यांनी नात्याबाहेरच्या बाळाच्या रक्तावर प्रत्यारोपण केलं. नाळेतलं रक्त पूर्ण जुळावं लागत नाही, थोडी तफावत चालते, आणि ते फ्रीझरमध्ये तयारच असतं. ज्यांना मगजदाता सापडत नव्हता त्यांना हा मोठा आधार झाला.

दुसरी वाट कंपनीची. बायोसाइट नावाच्या कंपनीने नाळेतल्या रक्तपेशी गोठवून वापरण्यावर पेटंट घेतलं, अमेरिकेत १९९१ ला आणि युरोपात १९९६ ला. शोध लावणारेच त्या कंपनीमागे होते, हे विशेष. युरोपातल्या डॉक्टरांनी हरकत घेतली, ग्लुकमन यांचा युरोकॉर्ड गटही त्यात होता, आणि १९९९ साली युरोपातलं पेटंट रद्द झालं. पेटंट गेलं, तरी घरोघरी ‘आपलं आपल्यापुरतं’ ठेवण्याची कल्पना राहिली. ती विकायला फार सोपी. दान मागायला जावं लागतं, भीती मात्र फोनवर विकता येते.

भारतात २००० नंतर दोन्ही प्रकार आले. चेन्नईच्या ‘जीवन’ संस्थेने सार्वजनिक बँकेचा प्रयत्न केला. पण एकेक नमुना तपासून, गोठवून वर्षानुवर्षं सांभाळायला खर्च येतो आणि तो देणारं मागे कुणी उभं नव्हतं. खासगी बँका मात्र वाढल्या. २०११ च्या अखेरीस औषध नियमांत बदल होऊन या बँकांना परवाना लागू झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलंय की पुढे स्वतःला लागेल म्हणून रक्त ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही. आणखी एक गोष्ट त्यात आहे, जी फार कमी लोकांना माहीत असते: नाळेतलं रक्त सोडून बाकी काहीही, म्हणजे नाळेचा तुकडा, वार, दात, पाळीचं रक्त, व्यापारी बँकेत ठेवायला परवानगीच नाही. नाळेभोवतीच्या जेलीतल्या पेशींवर संशोधन जोरात आहे, त्यातून उद्या काही हाती लागेलही. पण पॅकेजमध्ये ‘टिश्यू’ असा वेगळा हजारोंचा आकडा दिसला तर तिथेच परवाना मागा.

एक अपवाद खरा आहे. घरात आधीचं मूल थॅलेसेमिया किंवा तशाच आजाराचं असेल, तर पुढच्या बाळाच्या नाळेतलं रक्त जरूर ठेवावं, रक्तविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याने. भारतात दरवर्षी दहा हजारांच्या आसपास मुलं थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात. त्या घरांसाठी हा पॅरिसचाच प्रसंग आहे. हल्ली काही कंपन्या सगळ्या ग्राहकांचे नमुने एकत्र करून एकमेकांना देण्याची योजना काढतात. ‘फक्त तुमच्यासाठी’ला अर्थ नाही हे त्यांनीही मान्य केलं, असंच मी समजतो. फरक एवढाच, की तिथे देणाऱ्यालाच पैसे भरावे लागतात. शिवाय आता अर्ध्या जुळणाऱ्या नातेवाइकाचा, अगदी आईबापांचा, मगज वापरण्याचं तंत्र सुधारलंय आणि जगभरात नाळेतल्या रक्ताची मागणीच घटलीय. वीस वर्षांचा करार करणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. ते ‘उरलेलं’ रक्त खरंच उरलेलं असतं का? बाळ जन्मल्यावरही नाळ मिनिट-दोन मिनिटं धडधडत असते आणि वारेतलं रक्त बाळाकडे जात असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की निदान एक मिनिट थांबून मगच नाळ बांधा. त्या रक्ताबरोबर बाळाला पुढच्या काही महिन्यांचं लोह मिळतं. बँकेच्या पिशवीत मात्र जितकं जास्त रक्त येईल तितकं चांगलं, म्हणून तिथे घाई. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आहे. म्हणजे दर तीन पोरांतली दोन. अशा राज्यात बाळाचं रक्त दोन लाखांत एखाद्या वेळेसाठी फ्रीझरमध्ये ठेवायचं की आत्ता त्याच्याच अंगात जाऊ द्यायचं?

बाळाला श्वासाचा त्रास असेल किंवा आईला रक्तस्राव होत असेल तर डॉक्टर लगेच नाळ कापतील, तो निर्णय त्यांचाच. एरवी किती वेळ थांबणार, हे आठव्या महिन्यातल्या तपासणीलाच विचारून केसपेपरवर लिहून घ्या. कळा सुरू झाल्यावर ते कुणाच्याच लक्षात राहत नाही.