‘शक्य असलेल्यांपैकी’ पहिली : एका मतपेटीचा इतिहास

१५ डिसेंबर २०१५ रोजी निन्टेंडोच्या एका प्रसारणात मासाहिरो साकुराई यांनी ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ या खेळात बायोनेटा हे पात्र दाखल होत असल्याची घोषणा केली. त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर या काळात कंपनीने जगभरच्या खेळाडूंकडून मते मागवली होती. सुमारे १८ लाख मते आली. बायोनेटा त्या मतदानात पहिली आली, असे बहुतेकांनी ऐकले, आणि तसेच पुढे सांगितले. प्रत्यक्षात जाहीर झाले ते थोडे निराळे होते. ज्यांच्याबाबत वाटाघाटी होऊ शकतात आणि ज्यांना खेळात आणणे शक्य आहे, अशा पात्रांमध्ये ती जगभरात पहिली होती; युरोपात पहिली, तर उत्तर अमेरिकेत पहिल्या पाचांत.

‘अशा पात्रांमध्ये’ या दोन शब्दांत एक गुपित दडलेले होते. ते उघड व्हायला जवळजवळ सहा वर्षे लागली. हा धागा त्या गुपिताचा, आणि त्याच्या मागे असलेल्या दोन दशकांच्या आशेचा.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्मॅश ब्रदर्स हा असा आखाडा आहे, जिथे निरनिराळ्या व्हिडिओ गेममधील नायक आणि खलनायक एकत्र येऊन झुंजतात. मारियो, पिकाचू, झेल्डाच्या कथेतला लिंक, अंतराळात फिरणारी सॅमस असे सगळे एकाच मंचावर. प्रतिस्पर्ध्याची शक्ती शून्यावर आणायची नसते. त्याला मंचाबाहेर भिरकावून द्यायचे असते. जितका मार बसलेला, तितका तो लांब उडतो. पण या मालिकेची जगभर चर्चा होते ती डावपेचांइतकीच एका प्रश्नामुळे : पुढच्या वेळी या पंगतीत कोणाचे पान मांडले जाणार?

गंमत अशी की मुळात ही पंगत नव्हतीच. हॅल लॅबोरेटरी या जपानी कंपनीत साकुराई यांनी ज्या खेळाचा आराखडा केला, त्यात कोणतीही ओळखीची पात्रे नव्हती. होते ते चेहरा नसलेले साधे लढवय्ये. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता शनिवार-रविवारी बसून त्याचे प्रोग्रॅमिंग करत. घरी खेळायच्या झुंजीच्या खेळात खेळाडूला पहिल्या क्षणी ओढून घेणारे कोणीतरी हवे, असे साकुराईंना वाटले आणि त्यांनी मारियो, डाँकी काँग, सॅमस व फॉक्स यांना घेऊन नमुना तयार केला. निन्टेंडोची परवानगी न घेता. आधी विचारले असते तर नकार मिळाला असता, हा त्यांचा हिशेब होता. नमुना पसंत पडला आणि २१ जानेवारी १९९९ रोजी १२ पात्रांसह पहिला खेळ जपानमध्ये विक्रीस आला.

ज्या मालिकेचा पुढचा सगळा इतिहास परवानग्यांभोवती फिरला, तिची सुरुवात परवानगीवाचून झाली.

दुसरा खेळ, ‘मेली’, नोव्हेंबर २००१ मध्ये आला. त्यात मार्थ आणि रॉय हे दोन तलवारबहाद्दर होते. ते ज्या ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेतले, तिचा एकही खेळ तोवर जपानबाहेर प्रसिद्ध झालेला नव्हता. रॉयची गोष्ट तर आणखी विचित्र : त्याचा स्वतःचा खेळ जपानमध्येही मार्च २००२ मध्ये आला, म्हणजे पाहुणा म्हणून तो आधी मिरवला आणि घर नंतर बांधले गेले. अमेरिकी आवृत्तीतून या दोघांना वगळण्याचा विचार झाला होता, पण ते राहिले. पाश्चात्त्य खेळाडूंनी विचारायला सुरुवात केली, हे कोण? २००३ मध्ये फायर एम्ब्लेमचा खेळ प्रथमच इंग्रजीत प्रसिद्ध झाला. चाहत्यांची मागणी आधी आणि कंपनीचा पुरवठा नंतर, हा आपला सोपा समज इथे टिकत नाही. ज्या पात्रांचे नावही कोणी ऐकले नव्हते, त्यांच्याविषयीची ओढ कंपनीने स्वतःच निर्माण केली होती.

मात्र सॉनिकची ओढ कोणी निर्माण करण्याची गरज नव्हती. नव्वदीच्या दशकात सेगा आणि निन्टेंडो हे एकमेकांचे कट्टर शत्रू. निळा हेजहॉग सॉनिक हे सेगाचे निशाण, तर मारियो हे निन्टेंडोचे. शाळेच्या आवारात मुले या दोन निशाणांखाली भांडली होती. २००१ मध्ये सेगाने स्वतःची यंत्रे बनवणे थांबवले आणि अशक्य वाटणारी भेट एकदम शक्यतेच्या टप्प्यात आली. ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’ या अमेरिकी मासिकाने एप्रिल २००२ च्या अंकात लिहिले, की मेलीमधील सर्वांत कठीण प्रकारात, ‘क्रूएल मेली’त, २० शत्रूंना लोळवले तर सॉनिक आणि त्याचा साथी टेल्स उघडतात. ती एप्रिल फूलची थट्टा होती. पण असंख्य मुलांनी त्या २० शत्रूंमागे रात्री जाळल्या. अफवा पसरते ती पुराव्याच्या बळावर नव्हे. ऐकणाऱ्याला ती खरी व्हायला हवी असते म्हणून ती पसरते. बखरींचा अभ्यास करणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

सॉनिक खरोखर आला तो तिसऱ्या खेळात, ‘ब्रॉल’मध्ये. १० ऑक्टोबर २००७ रोजी घोषणा झाली. त्याच्या आधी, मे २००६ मध्ये, ‘मेटल गिअर’मधील सॉलिड स्नेक हा निन्टेंडोबाहेरचा पहिला पाहुणा म्हणून जाहीर झाला होता. स्नेकचे निर्माते हिदेओ कोजिमा यांनी त्याला मेलीतच घ्यावे अशी गळ घातली होती. तेव्हा काम फार पुढे गेलेले होते. म्हणजे रांगेत केवळ चाहते नव्हते, निर्मातेही उभे होते.

या दोन नावांनी कुंपण पडले. तोवर चाहत्यांची यादी निन्टेंडोच्या वाड्यापुरती होती. आता कोणत्याही कंपनीचे कोणतेही पात्र ‘का नाही?’ या प्रश्नाला पात्र ठरले. आशेला सीमा उरली नाही की निराशेलाही उरत नाही. पुढच्या दशकात जे घडले त्याचे मूळ इथे आहे.

त्या दशकातील सर्वांत लांबलेला दावा रिडलीचा. ‘मेट्रॉइड’मधील, १९८६ पासून सॅमसचा वैरी असलेला हा उडता राक्षस. त्याचा आकार फार मोठा आहे, असे साकुराईंचे म्हणणे. चाहत्यांनी मोजमापे काढली, जुन्या खेळांतली चित्रे शेजारी-शेजारी ठेवली, मारियो आणि ऑलिमार यांचे आकार तरी कुठे प्रमाणात आहेत असा प्रतिवाद केला. ऑलिमार मुळात बोटाएवढा आहे, तेव्हा हा युक्तिवाद बिनतोड होता. एप्रिल २०१४ मधील प्रसारणात एका मंचावर रिडलीची केवळ सावली दिसली आणि त्या सावलीवर महिनोन्‌महिने खल झाला. तो निघाला मंचावरचा एक अडथळा. खेळता येणारे पात्र नव्हेच.

अशा वातावरणात १ एप्रिल २०१५ रोजी मतपेटी उघडली. जगातल्या कोणत्याही व्हिडिओ गेममधले एक नाव लिहा आणि हवे तर कारण द्या, इतकेच. काही छोट्या कंपन्यांनी आपापल्या पात्रासाठी उघडपणे मते मागितली. त्याच जुलैच्या ११ तारखेला इवाता यांचे निधन झाले. ते तेव्हा निन्टेंडोचे अध्यक्ष होते. ३ ऑक्टोबरला मतदान संपले.

यानंतर काय झाले हे समजण्यासाठी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. निवडणुकीत मतदार निर्णय घेतो. अर्जात अर्जदार विनंती करतो आणि निर्णय दरबारात होतो. निन्टेंडोने जे आयोजित केले त्याचे रूप निवडणुकीचे होते, परंतु प्रकृती अर्जाची. मतपत्रिकेवर नाव कोणाचेही लिहिता येत असे. पण त्या नावाचे मालक असणाऱ्या कंपन्यांच्या वकिलांचे मत कोणत्याही पेटीत पडत नव्हते. बायोनेटा ‘शक्य’ होती, कारण तिची मालकी सेगाकडे होती आणि तिचा दुसरा खेळ २०१४ मध्ये खुद्द निन्टेंडोनेच प्रसिद्ध केला होता. क्रमवारी प्रसिद्ध झाली नाही. जाहीर झाले ते शक्यतेच्या चाळणीतून खाली पडलेले एकच नाव. चाळणीवर काय उरले, हे सांगितले गेले नाही.

तरीही अर्ज केराच्या टोपलीत गेले नव्हते. १२ जून २०१८ रोजी ‘अल्टिमेट’ या पाचव्या खेळाचे अनावरण झाले, तेव्हा आधीच्या सर्व खेळांतील सर्व पात्रे परत आल्याचे सांगण्यात आले आणि त्याच प्रसारणाच्या शेवटी रिडली अवतरला. जो आकाराने बसत नव्हता तो बसला. ८ ऑगस्टला ‘डाँकी काँग कंट्री’मधील मगरराजा किंग के. रूल आला. त्याची चित्रफीत पाहण्यासारखी आहे : आधी खिडकीतून त्याची आकृती दिसते, ती निघते वेषांतर केलेल्या किंग डिडिडीची, तो खदाखदा हसत असतानाच मागून खरा के. रूल येऊन त्याला उडवतो. चाहत्यांच्या वर्षानुवर्षांच्या हिरमुसण्याची ही थट्टा होती, पण मायेची. नव्या पात्रांची निवड करताना २०१५ च्या मतांचा आधार घेतल्याचे साकुराईंनीही सांगितले.

त्याच ऑक्टोबरमध्ये एक छायाचित्र फिरले. ‘ग्रिंच’ या चित्रपटाच्या जाहिरात-साहित्याशेजारी स्मॅशचे एक चित्र, आणि त्यात बँजो, जीनो, शॅडो, आयझॅक अशी चाहत्यांची लाडकी नावे ओळीने उभी. छापखान्यातून फुटलेला कागद असावा असे त्याचे रूप. १ नोव्हेंबरच्या प्रसारणाने ते बनावट ठरवले. २००२ च्या मासिकी थट्टेत आणि यात फरक एवढाच, की आता बनावट दस्तऐवज रचणाऱ्याला पुराव्याची भाषा येत होती : तिरका कोन, अंधूक प्रकाश, कोपऱ्यात सहज पडल्यासारखी दिसणारी असंबद्ध वस्तू. ती असंबद्ध वस्तूच लोकांना सर्वांत पटली.

त्या बनावट चित्रातला बँजो मात्र खरा झाला. १९९८ साली निन्टेंडोच्या यंत्रावर गाजलेले हे अस्वल आणि त्याच्या पाठपिशवीतला काझूई पक्षी, २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेअर ही कंपनी विकत घेतली तेव्हा तिच्यासोबत दुसऱ्या घरी गेले. जून २०१९ मध्ये ते परतल्याची घोषणा झाली. घोषणेच्या त्या क्षणी जगभर टाळ्या वाजवणाऱ्या, रडणाऱ्या तरुणांची चित्रणे आजही पाहता येतात. एका कार्टून अस्वलासाठी रडणे हास्यास्पद आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की आठ-दहा वर्षांच्या मुलाचा हा सवंगडी दुसऱ्या कंपनीच्या मालमत्तेत जमा झाला होता आणि त्या मुलाला कोणी विचारले नव्हते.

सगळे अर्ज असे सुफळ झाले नाहीत. जानेवारी २०२० मध्ये फायर एम्ब्लेमचा आठवा योद्धा, बायलेथ, जाहीर झाला तेव्हा तलवारी पुरे झाल्या, असा सूर उमटला. तलवारबाज फार झाल्याचे साकुराईंनी सादरीकरणात स्वतःच मान्य केले. ज्या मालिकेचे नावही २००१ मध्ये कोणाला ठाऊक नव्हते, तिची आता अतिवृष्टी झाली होती. या नंतर दिलेल्या पात्रांची निवड निन्टेंडोने केली होती, साकुराईंनी नव्हे. पण राग येत राहिला तो चेहरा दिसणाऱ्या माणसाकडे.

आणि मग ५ ऑक्टोबर २०२१. शेवटचे पात्र म्हणून ‘किंगडम हार्ट्‌स’मधील सोरा जाहीर झाला. हा खेळ स्क्वेअर एनिक्सचा, परंतु सोरावर हक्क डिस्नेचा. वाटाघाटींसाठी यापेक्षा अवघड घर शोधूनही सापडले नसते. एका पुरस्कार समारंभाच्या ठिकाणी डिस्नेच्या एका अधिकाऱ्याशी योगायोगाने गाठ पडली आणि सोरा स्मॅशमध्ये आला तर चालेल असा संकेत मिळाला, तिथून वाट निघाली, असे साकुराईंनी नंतर लिहिले. खेळात सोरा आला. त्याचे सोबती डोनाल्ड आणि गूफी आले नाहीत. किल्लीच्या आकाराच्या त्याच्या शस्त्राला लटकणारी मिकीची खूण तेवढी राहिली.

त्या सादरीकरणात साकुराईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. २०१५ च्या मतदानात पहिला आलेला होता तो सोरा.

बायोनेटाच्या घोषणेतली ती अट इथे उलगडते. ते वाक्य खोटे नव्हते. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता आणि तरी ऐकणाऱ्यांनी बाहेर नेला तो निष्कर्ष चुकीचा होता. शक्य नसलेल्याचे नाव घेऊन आशा वाढवायची नाही, असा त्यामागचा विचार. त्यात कपट पाहण्याचे कारण नाही. पण या मालिकेचा इतिहास २०२० साली कोणी लिहिला असता, तर उपलब्ध साधनांनुसार त्याने बायोनेटालाच लोकांची पहिली पसंती ठरवले असते.

‘सुपर मारियो आरपीजी’ या १९९६ च्या खेळातला जीनो नावाचा लाकडी बाहुला दशकभर चाहत्यांच्या यादीत राहिला. डिसेंबर २०२० मध्ये तो आला, पण सानुकूल पात्रांवर चढवायचा पोशाख म्हणून. उत्तेजनार्थ बक्षीस म्हणतात ते हेच. मतदानात त्याचा क्रमांक कितवा होता, रिडलीचा कितवा, के. रूलचा कितवा, आणि सोराच्या खालोखाल कोण होते, याची पूर्ण यादी निन्टेंडोने अद्याप प्रसिद्ध केलेली नाही.