वणी-पांढरकवड्याकडील सांधेदुखी: बिब्ब्यापासून स्टेरॉइडच्या सुईपर्यंत

इंग्रजी अमदानीच्या दप्तरात जो पूर्वी वणी जिल्हा म्हणून नोंदला गेला आणि 1905 साली वऱ्हाडची फेरमांडणी होऊन पुसद तालुका जोडला गेल्यावर ज्याला यवतमाळ हे नाव मिळाले, त्या मुलखाची जमाबंदी कापसाच्या भरवशावर उभी राहिली. परंतु निंदणाला उकिडवे बसून दिवसभर सरकणाऱ्या आणि वेचणीला ओटी बांधून सूर्यास्तापर्यंत वाकणाऱ्या बायांच्या टोंगळ्यांवर, म्हणजे गुडघ्यांवर, त्या कापसाचा जो भार पडला, त्याची मोजदाद सरकारदरबारी कोणी ठेवली नाही. विश्रांती हे सांधेदुखीचे पहिले औषध. पण रोजी बुडवून ते घेणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांनी उद्या सकाळी उभे करील असाच उपाय प्रत्येक काळी शोधला. या जिल्ह्यातील सांध्यांच्या उपचारांचा इतिहास हा माझ्या मते या निकडीचाच इतिहास आहे.

सुश्रुताने अग्निकर्म सांगितले, माधवनिदानाने आमवाताची लक्षणे मांडली. खेड्यात मात्र ही परंपरा डागण्याच्या आणि बिब्ब्याच्या रूपानेच टिकली. जंगलातून आणलेला टणक काळा बिब्बा सुईच्या टोकाला टोचून दिव्याच्या ज्योतीवर धरावयाचा, त्यातून काळे तेल पाझरू लागले की सुजलेल्या सांध्याभोवती त्याचे ठिपके द्यावयाचे. कातडी भाजे, कधी फोड येऊन चिघळे, आणि त्या नव्या आगीपुढे जुने दुखणे काही काळ मागे पडे. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, एरंडाची गरम पाने हे सौम्य उपचारही होते, पण त्यांना सवड लागे.

या निकडीला विज्ञानाने दिलेले उत्तर अमेरिकेतील रॉचेस्टर येथील रुग्णालयातून आले. संधिवाताच्या रुग्णांची पीडा कावीळ झाली असता किंवा गर्भारपणात ओसरते, हे फिलिप हेंच यांनी 1929 पासून टिपून ठेवले होते; एडवर्ड केंडॉल यांनी अधिवृक्क ग्रंथीतून वेगळे केलेले स्टेरॉइड द्रव्य त्यांनी सप्टेंबर 1948 मध्ये एका जखडलेल्या तरुण स्त्रीला टोचले, आणि जिला कूस बदलणेही कष्टाचे होते ती आठवड्याभरात बाजार करून आली. 1950 साली या दोघांना तादेउश राइखश्टाइन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. औषध थांबविताच रोग परततो, चेहरा सुजतो, मन बिघडते, हेही त्याच रुग्णालयात लवकरच दिसून आले. म्हणून 1951 मध्ये फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॉलंडर यांनी औषध सर्व शरीरात न पसरविता थेट सांध्यात सोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. युक्ती उत्तम होती, आणि योग्य रुग्णाला, योग्य अंतराने ती आजही उपकारकच आहे. तथापि 1958 मध्येच इंग्लंडमधील चँडलर आणि राइट यांनी वारंवार टोचलेल्या सांध्यांची झीज वैद्यकजगतापुढे मांडली होती. तो इशारा सुईइतका दूरवर पोहोचला नाही, याचे मला मनस्वी दुःख होते.

आज या जिल्ह्यातही दुधासारखे पांढरे ते औषध सांध्यात जाते, दाह शमतो, आणि वेदना जी राखण करीत होती ती उठून जाते. बाई दुसऱ्या दिवशी वेचणीला जाते. झिजलेल्या कूर्चेवर पुन्हा तोच भार पडतो. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात गुडघ्याची झीज असलेल्या 140 रुग्णांपैकी काहींना दर बारा आठवड्यांनी ट्रायॅमसिनोलोन हे स्टेरॉइड आणि इतरांना केवळ मिठाचे पाणी दोन वर्षे टोचण्यात आले. स्टेरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा अधिक झिजली आणि वेदनेत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. याखेरीज मधुमेह्याची साखर वाढते, क्वचित सांध्यात पू होतो, स्नायुबंध तुटतो, टोचल्या जागची कातडी पांढरी पडते. एकाच सांध्याला वर्षातून तीन-चारांहून अधिक वेळा टोचू नये, हा सर्वसाधारण संकेत आहे.

परंतु या जिल्ह्याचे आणखी एक दुःख आहे. पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगाव या भागांतील कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे आढळले आहे. 1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात खेडोपाडी विंधणविहिरी झाल्या. उघड्या विहिरींतील नारू आणि पटकी टळावी हा हेतू निःसंशय लोकहिताचाच होता, पण खोल खडकातले पाणी आपल्याबरोबर हा क्षार घेऊन आले. वर्षानुवर्षे ते पिणाऱ्याची हाडे घट्ट होतात, स्नायुबंध कठीण होतात, पाठ वाकत नाही, टोंगळे सरळ होत नाहीत. असे पाणी पिणाऱ्या कोलाम वा गोंड आदिवासीच्या सांध्यात कितीही वेळा स्टेरॉइड सोडले तरी हाडातला क्षार तसाच राहतो. दुखण्याचे मूळ हातपंपात असते. म्हणून या भागात सुई भरण्याआधी रुग्ण कोणते पाणी पितो हे विचारले गेलेच पाहिजे.

यवतमाळला 1989 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही रुग्ण एकदा वणीला, एकदा पांढरकवड्याला, कधी बाजाराच्या दिवशी भेटेल त्या डॉक्टरकडे जातो, आणि ही या टोंगळ्यातली कितवी सुई हे टोचणाऱ्याला ठाऊक नसते. कोणता सांधा, कोणते औषध, किती मात्रा आणि कोणती तारीख, एवढ्या चार गोष्टी मराठीत लिहिलेली चिठ्ठी रुग्णाच्या हाती देण्याची तजवीज प्रत्येक दवाखान्याने आजच करावी. तिला ना निधी लागतो, ना वरिष्ठांचा हुकूम.