दार कुणाचं, खर्च कुणाचा?
(आपल्या गॅरेजच्या शटरांचा पंचवीस वर्षांचा इतिहास)

स्मरणिका समितीनं विषय वाटून दिले तेव्हा नोंदणी, बोअरवेल, गणेशोत्सव, वृक्षारोपण हे सगळे मानाचे विषय आधीच गेले होते. माझ्या हाती आली ती ऑफिसच्या लोखंडी कपाटातली एक फुगलेली फाईल. वर जाड अक्षरात लिहिलेलं: ‘गॅरेज / शटर’. सेक्रेटरी हसत म्हणाले, “काका, यावर तुम्हीच लिहा. यात सगळ्यात जास्त पत्रं तुमचीच आहेत.”

ते खरं निघालं. फाईल वाचून संपवली आणि वाटलं, आपल्या सोसायटीचा खरा इतिहास सत्काराच्या फोटोंपेक्षा या फाईलमध्ये जास्त आहे. शटर बदलायला किती पैसे लागतात, हा प्रश्न आपण पंचवीस वर्षं विचारतोय. पण त्याआधीचा प्रश्न, ते दार आहे कुणाचं, हा आपण फार उशिरा विचारला.

फळ्यांपासून शटरपर्यंत

गाडी ठेवायला दाराची जागा, ही आपल्याकडे तशी जुनीच गोष्ट. वाड्यांना पागा होत्या. पुण्यात शुक्रवार पेठेतल्या महापालिकेच्या दवाखान्याला लोक आजही ‘गाडीखाना’च म्हणतात. पुढं डेक्कन, प्रभात रोडकडे बंगले झाले, तेव्हा मोटारीसाठी कडेला वेगळी खोली आणि तिला लाकडी दोन दारं असायची. दुकानांनाही शटर नव्हतं. उंबऱ्यावरच्या खाचेत एकेक फळी सरकवत दुकान बंद करायचं, आणि फळ्यांचा क्रम चुकू नये म्हणून त्यांवर आकडे टाकलेले असायचे. लोखंडी गुंडाळतं शटर आलं आणि फळ्या गेल्या. या शटरांसाठी आता भारतीय मानकही आहे, क्रमांक 6248.

अमेरिकेत गोष्ट थोडी वेगळी. तिथं 1921 साली सी. जी. जॉन्सन यांनी वर सरकणारं गॅरेजचं दार काढलं आणि 1926 मध्ये त्याला वीज जोडली. आपल्या सोसायटीतली जी मुलं आज तिकडं आहेत, त्यांच्या घराचं सगळ्यात मोठं दार हेच. तिथल्या साध्या स्प्रिंगचं आयुष्य वर्षांत मोजत नाहीत, उघडझापीत मोजतात: सुमारे 10,000 वेळा. दिवसातून चारदा दार उघडलं-लावलं तर 2,500 दिवस, म्हणजे सात वर्षांच्या आत स्प्रिंग संपणार. आपल्या बिल्डरनं असं काही आपल्याला सांगितलं नव्हतं, आणि आपणही विचारलं नव्हतं.

2000 सालचं भूगाव

आपण इथं आलो तेव्हा चांदणी चौक ओलांडला की ‘मुळशीत राहायला चाललात?’ असं नातेवाईक विचारायचे. बहुतेकांकडं स्कूटर होती. ज्यांच्याकडं चारचाकी होती त्यांच्याकडं मारुती 800. रुंदी 1.44 मीटर. तिला आठ फुटी दार म्हणजे ऐसपैस.

बारा रो-हाऊसना स्वतंत्र गॅरेज मिळालं: तीन बाजूंना भिंती, वर स्लॅब, पुढं शटर. इमारतीखाली स्टिल्ट पार्किंग होतं. त्यातल्या चार कोपऱ्यांना बिल्डरनं मध्ये जाळी आणि पुढं शटर लावून ‘गॅरेज’ म्हणून वेगळे पैसे घेतले. घेणाऱ्या चौघांत मी एक. तेव्हा मला केवढा अभिमान! पाहुणा आला की चहाआधी मी त्याला शटर वर करून दाखवायचो.

दोन पत्रं

आता फाईलमधली माझी दोन पत्रं.

पहिलं 2006 चं. पाण्याच्या पंपाची पाइपलाइन माझ्या गॅरेजमधून न्यायची, असं कमिटीनं कळवलं होतं. मी बाणेदारपणे उत्तर दिलं: “सदर गॅरेज ही माझी खाजगी मालमत्ता असून सोसायटीचा तिच्याशी काहीही संबंध नाही.” पाइपलाइन बाहेरून वळवून न्यावी लागली. जादा खर्च सगळ्यांनी भरला.

दुसरं पत्र जुलै 2012 चं. मुळशीचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. ताम्हिणीकडं तो कोसळतो, आपल्याकडं येईपर्यंत थोडा नरमतो, पण चार महिने ओल काही हटत नाही. शटर गंजायला लागतं ते खालून. तळपट्टीत पाणी साचतं, मग शेवटच्या चार-पाच पट्ट्या, मग दोन्ही बाजूंची गाईड. गाईड फुगलं की शटर तिरकं ओढलं जातं आणि सगळा ताण वरच्या स्प्रिंगवर येतो. आठ बाय सात फुटाचं शटर साधारण साठ-सत्तर किलोचं. आपण ते एका हातानं उचलतो, कारण वजन खरं स्प्रिंग पेलत असते.

त्या दिवशी सकाळी मी स्कूटर बाहेर काढत होतो. पुढचं चाक बाहेर, मी हँडल धरून दोन पावलं पुढं. मागं ‘टण्ण’ असा आवाज झाला आणि अख्खं शटर स्कूटरच्या मागच्या सीटवर आलं. सीट फाटली, नंबर प्लेट दुमडली. मी दोन पावलं मागं असतो तर हा लेख दुसऱ्या कुणाला लिहावा लागला असता. ही घरी ओरडली, ती स्कूटरसाठी नव्हे.

त्याच संध्याकाळी मी पत्र लिहिलं: “इमारत सोसायटीची आहे. इमारतीचा भाग असलेलं शटर सोसायटीनं स्वखर्चानं तातडीनं बदलून द्यावं.”

सहा वर्षांच्या अंतरानं एकाच माणसाच्या सहीची ही दोन पत्रं. हक्क माझा, गंज सोसायटीचा!

दहिसरचा निकाल

कमिटीनं उत्तर दिलं नाही. एका रविवारी तेव्हाचे सेक्रेटरी घरी आले. चहा घेतला, दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली आणि एका निकालाची प्रत पुढं केली. भांडण वगैरे काही नाही. म्हणाले, “निवांत वाचा.”

तो निकाल होता सर्वोच्च न्यायालयाचा, 31 ऑगस्ट 2010 चा. मुंबईत दहिसर पूर्वेच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेविरुद्ध नहालचंद लालूचंद या विकासक कंपनीनं दावा लावला होता. इमारतीच्या स्टिल्टमधल्या 25 पार्किंगच्या जागा आपल्या आहेत आणि त्या विकायचा आपल्याला हक्क आहे, असं कंपनीचं म्हणणं. आधार होता 1963 चा महाराष्ट्राचा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा, ज्याला आपण ‘मोफा’ म्हणतो. त्यात ‘फ्लॅट’च्या व्याख्येत गॅरेजही येतं. मग स्टिल्टमधली जागा म्हणजे गॅरेज, आणि गॅरेज म्हणजे विकता येण्याजोगी वस्तू, असा तो युक्तिवाद.

कंपनी शहर दिवाणी न्यायालयात हरली, उच्च न्यायालयात हरली आणि शेवटी दिल्लीतही हरली. न्या. आर. एम. लोढा आणि न्या. ए. के. पटनायक यांच्या खंडपीठानं प्रश्न सोपा करून टाकला: फ्लॅट घेणारा साधा माणूस गॅरेज म्हणजे काय समजतो? छप्पर आणि तीन बाजूंना भिंती. स्टिल्टला हे नसतं. म्हणून ती जागा गॅरेज नाही, ती सामाईक सोयीचा भाग आहे, आणि विकासकाला ती वेगळी विकता येत नाही. पुढं 2016 च्या रेरा कायद्यातही गॅरेजच्या व्याख्येत छप्पर आणि तीन भिंती आल्या. नव्या प्रकल्पांना तो कायदा लागू आहे, त्याचं गणित वेगळं. पण आपली इमारत मोफाच्या काळातली.

म्हणजे मी बारा वर्षं ज्याला माझी मालमत्ता म्हणत होतो, ती सगळ्यांची जागा होती. पैसे बिल्डरनं घेतले होते, आणि तो कधीच फोन उचलायचा थांबला होता.

राग आला का? आला. आठ दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. पण 2006 चं पत्र डोळ्यांपुढून हलेना.

सप्टेंबर 2012 ची सभा

वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक सात होता ‘शटर’. दोन गट पडले होते. एक म्हणे, चारही शटर सोसायटीनं नवी करून द्या, एवढी वर्षं मेंटेनन्स भरलाय. दुसरा म्हणे, ज्यांनी लावली त्यांनी निस्तरा. आवाज एवढा चढला की वॉचमन जिन्यापाशी येऊन उभा राहिला.

मी उठलो आणि माझी दोन्ही पत्रं स्वतःच वाचून दाखवली. आधी शांतता, मग हशा. मग मी सूचना मांडली: स्टिल्टमधली चारही शटर आणि जाळ्या काढून टाकाव्यात, नवी बसवू नयेत, जागा सोसायटीनं नियमाप्रमाणं पार्किंगसाठी वाटाव्यात. रो-हाऊसची गॅरेजं खरी गॅरेजं आहेत. त्यांच्या शटरचा खर्च ज्याचा त्यानं करावा, रंग आणि नमुना मात्र सगळ्यांचा एक असावा. अनुमोदन दिलं ते सगळ्यात जास्त भांडणाऱ्या सभासदानं. ठराव बहुमतानं मंजूर झाला. एक कुटुंब नाराज राहिलं, दोन गणपतींना खाली आलं नाही. तिसऱ्या वर्षी आरतीला आलं. कुणी काही विचारलं नाही, प्रसाद दिला.

चार शटरांच्या भंगारातून उतरवण्याची मजुरी निघाली. आपल्या इतिहासातलं सगळ्यात स्वस्त शटर तेच, जे आपण बसवलं नाही. आज त्या कोपऱ्यात मुलांच्या सायकली असतात.

बिलाचं गणित

रो-हाऊसच्या शटरांनी मात्र तग धरला तो 2024 पर्यंत. तेव्हा पिरंगुट, घोटवडे फाट्याकडून तीन कोटेशनं मागवली. सभासदांना पुढं उपयोग व्हावा म्हणून जे शिकलो ते लिहून ठेवतो.

पहिलं, माप. दार आठ बाय सात, म्हणजे 56 चौरस फूट. आमचा ठरलेला दर चौरस फुटाला 330 रुपये, तेव्हा 18,480 होतील असा प्रत्येकाचा हिशेब. पण शटरवाला मोजतो बनलेलं शटर: रुंदीत गाईडसाठी सहा इंच, उंचीत वरच्या गुंडाळीसाठी दीड फूट. साडेआठ बाय साडेआठ, म्हणजे 72 चौरस फूट. झाले 23,760. त्यावर 18 टक्के जीएसटी 4,277. एकूण 28,037. जुनं शटर उतरवणं आणि गाईडपाशी फुटलेलं प्लास्टर जवळपास भंगारात वळतं झालं. यात फसवणूक काही नाही, धंद्याची रीतच ती. पण दर विचारण्याआधी माप कसं धरणार ते विचारा.

दुसरं, पत्रा. 20 गेज स्वस्त, 18 गेज जाड. आकडा लहान तेवढा पत्रा जाड, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. आपल्या ओलीत साध्या लोखंडाला नुसता रेड ऑक्साईड पुरत नाही. म्हणून जस्त चढवलेला पत्रा आणि वर पावडर कोटिंग घेतलं.

तिसरं, सगळं बदलायची गरज नसते. पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. गंजलेल्या तेवढ्या बाजूला सरकवून काढता येतात. बारापैकी तिघांनी फक्त खालच्या पट्ट्या, तळपट्टी आणि गाईड बदलली. स्प्रिंगला मात्र स्वतः हात लावू नका. तिच्यात ताण भरलेला असतो. ते काम कारागिराचंच.

चौथं, मोटर. रिमोटवर चालणाऱ्या साइड मोटरचे आणखी वीस-एक हजार सांगितले. दोघांनी बसवली. घेताना हातानं ओढायची साखळी आहे ना, ते बघा. आपल्याकडची लाइट तुम्हाला माहीतच आहे.

आणि शेवटचं: आजच्या एसयूव्ही 1.8 मीटरच्या आसपास रुंद, आरसे वेगळे. आठ फुटी दारातून त्या आत जातात, पण मग गाडीचं दार उघडून उतरायचं कसं? त्यामुळं काही गॅरेजमध्ये आता गाद्या, मखर आणि ट्रेडमिल राहतात. तिथं 28,000 चं शटर लावण्याआधी आत नक्की काय जपतोय, हेही बघायला हवं.

फाईल मी समितीला परत केली. माझी दोन्ही पत्रं त्यातच ठेवली आहेत, फाडलेली नाहीत. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी कुणीतरी ती फाईल उघडेल तेव्हा लिफ्ट, सोलर, चार्जिंग पॉइंट असे नवे वाद त्यात आलेले असतील. त्यांनी आधी ही दोन पत्रं वाचावीत.

तोवर एक विनंती: दर पावसाळ्याआधी गाईडमध्ये ग्रीस घाला आणि तळपट्टीतली माती काढा. पाच मिनिटांचं काम आहे.