हिंगोलीचे आद्य राजे कोण? वाशिमच्या ताम्रपटाने उलगडलेलं वाकाटक घराणं

इजिप्तचे राजे म्हटलं की पिरॅमिड आणि तुतनखामून लगेच आठवतात. हिंगोलीचे जुने राजे कोण, असं विचारलं तर मात्र बहुतेकांचं उत्तर औंढा नागनाथच्या मंदिरापाशी, म्हणजे यादवांपाशी थांबतं. त्यांच्याही आठ-नऊशे वर्षं आधी या भागावर वाकाटकांचं राज्य होतं. त्यांची राजधानी होती वत्सगुल्म. म्हणजेच हिंगोलीहून तासाभराच्या अंतरावरचं आजचं वाशिम!

वाकाटक घराण्याचा मूळ पुरुष विंध्यशक्ती. त्याचा मुलगा पहिला प्रवरसेन याच्यानंतर राज्याच्या वाटण्या झाल्या. एक शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनला राहिली, तर प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन याने वत्सगुल्मला गादी मांडली. गंमत अशी की ही दुसरी शाखा इतिहासकारांना बराच काळ माहीतच नव्हती. अजिंठ्याच्या लेणी क्रमांक १६ मधल्या शिलालेखात या राजांची नावं होती, पण अक्षरं झिजलेली असल्यामुळे ती नंदिवर्धनच्या राजांची समजून वाचली गेली.

हा गोंधळ सुटला तो १९३९ मध्ये, वाशिमला सापडलेल्या ताम्रपटामुळे. सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी ब्राह्मणांना एक गाव दान दिलं, त्याचं हे दानपत्र. त्यात आजोबा प्रवरसेन आणि वडील सर्वसेन ही नावं स्पष्ट होती. या आधाराने वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला, आणि सर्वसेनाचं नाव तिथेही मिळालं.

दान दिलेलं गाव नंदिकडच्या, म्हणजे नांदेडच्या, उत्तर भागातलं होतं. आता नकाशा पाहा. वर वाशिम, खाली नांदेड आणि मध्ये हिंगोली. आज वाशिम विदर्भात आणि हिंगोली मराठवाड्यात असली, तरी तेव्हा हा सगळा एकाच राजाचा मुलूख होता.

ताम्रपटात राजाची वंशावळ संस्कृतमध्ये, तर दानाचा प्रत्यक्ष मजकूर प्राकृतमध्ये आहे. मोठेपणा संस्कृतमध्ये मिरवायचा आणि कामाचं लोकांना कळेल अशा भाषेत लिहायचं, असा हा सरळ हिशेब दिसतो. वाकाटकांच्या दानपत्रांत सवलतीही लिहिलेल्या असतात. दान दिलेल्या गावात सैनिकांनी शिरायचं नाही, गावकऱ्यांकडून दूध-फुलं घ्यायची नाहीत, वगैरे. यावरून इतर गावांना काय सोसावं लागत असेल, ते कळतंच.

याच सुमारास, इ.स. ३९४ मध्ये, इजिप्तमधल्या फिले बेटावर चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात लेख कोरला गेला. तिकडे साडेतीन हजार वर्षांची लिपी संपत होती, आणि इकडे वाशिमचे राजे तांब्यावर गावं लिहून देत होते.

पुढे देवसेन राजाच्या काळात वाशिमजवळच्या हिस्से-बोराळा इथे ‘सुदर्शन’ नावाचा तलाव बांधला गेला. त्याचा शिलालेख शके ३८० चा, म्हणजे इ.स. ४५८ च्या सुमाराचा आहे. देवसेनाचा मुलगा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं. हरिषेणानंतर मात्र हे राज्य थोड्याच वर्षांत कोसळलं.

सर्वसेन स्वतः कवीही होता. त्याने ‘हरिविजय’ नावाचं प्राकृत काव्य लिहिलं होतं. ते आज उपलब्ध नाही. नंतरच्या साहित्यशास्त्राच्या ग्रंथांत उदाहरणादाखल घेतलेल्या काही ओळी तेवढ्या वाचल्या आहेत.